पाय उचलला की फटाके : एका टर्बो हॅचबॅकचे प्रकरण

ऑगस्टमधील एका शनिवारी परळच्या आमच्या गॅरेजमध्ये एक पांढरी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आली. गाडी २०१७ची, बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या काळातील आणि दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली होती. सोबत पंचविशीतला मालक आणि त्याचे वडील होते. दोघांची तक्रार एकच असली तरी तिच्याकडे पाहण्याची दृष्टी अगदी वेगळी होती. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की सायलेन्सरमधून तड्-तड्, फट्-फट् असा आवाज येत असे. तो गाडी घेतल्या दिवसापासून थोडाफार होताच, आणि मुलाला तो आवडतही होता. मात्र जुलैअखेरीस हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी बाहेर काढल्यानंतर तोच आवाज इतका वाढला, की रात्री उशिरा गाडी फाटकातून आत शिरताना दुसऱ्या मजल्यावरची माणसे खिडकीत येऊ लागली. दादरच्या त्या सोसायटीने सूचनाफलकावर गाडीच्या क्रमांकासह नोटीस लावली, तेव्हा वडिलांनी प्रकरण हातात घेतले. तोवर डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवाही लागला होता आणि लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी साडेअकरावर आली होती.

“आम्ही काहीही बसवलेलं नाही, तुम्हीच बघा,” असे वडील पुन्हापुन्हा सांगत होते. त्यांची सगळी नोकरी बेस्टच्या आगारात डिझेल इंजिनांवर झालेली, त्यामुळे त्यांचा प्रश्नही नेमका होता. एवढ्या मोठ्या बसच्या इंजिनाने पाय उचलल्यावर कधी फटाके फोडले नाहीत, मग या एवढ्याशा इंजिनाने ते का फोडावेत? या प्रकरणाची उकल त्याच प्रश्नापासून सुरू करणे सोयीचे आहे.

डिझेल इंजिन प्रत्येक फेरीत हवा मोकळेपणाने भरून घेते आणि इंधन अगदी शेवटी, हवा दाबून तापल्यानंतर फवारते. पाय उचलला की पंप इंधन देणे थांबवतो आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते ती जवळपास निव्वळ हवा. पेट्रोल इंजिनात मात्र पाय उचलल्यावर आधी हवेचीच वाट बंद होते. थ्रॉटलची झडप मिटते, चाके इंजिनाला फिरवत राहतात, पिस्टन बंद दारातून हवा ओढत राहतात आणि इनटेक मॅनिफोल्डमधील दाब वातावरणाच्या १०० किलोपास्कलवरून २५-३० किलोपास्कलपर्यंत खाली येतो. सिलिंडरमध्ये ताजा भरणा अत्यल्प राहतो आणि त्यात आधीच्या फेरीतला जळका वायू मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो. अशा मिश्रणाला ठिणगी देऊनही ते पुष्कळदा पेटत नाही किंवा अर्धवट पेटते. पेट न घेतलेली फेरी जशीच्या तशी एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात, ढकलली जाते, आणि अशा फेरीतून केवळ न जळलेले पेट्रोल बाहेर जात नाही, तर त्याच्या वाट्याचा न वापरलेला ऑक्सिजनही त्याच्यासोबत जातो, हे येथे विसरून चालत नाही. पुढे पाइपात गरम धातू किंवा मागून येणारी पेटती फेरी भेटली, की उरलेले ज्वलन तेथे होते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असतानाच पेटते, म्हणून पाइपातून जाणाऱ्या वायूचे काही पुंजके पेटतात आणि काही तसेच निघून जातात. सिलिंडर दर सेकंदाला ठरावीक लयीत उघडत असूनही फटाक्यांना लय नसते, ती यामुळे.

कार्ब्युरेटरच्या काळात या गोष्टीवर फारसा इलाज नव्हता, कारण थ्रॉटल मिटल्यावर निर्माण होणारी पोकळी आयडलच्या (पाय न लावता इंजिन चालू ठेवणाऱ्या) जेटमधून पेट्रोल ओढतच राहायची. आमच्या गॅरेजमधले सर्वांत जुने मेकॅनिक, ज्यांना मालकापासून पोऱ्यापर्यंत सगळे मामा म्हणतात, त्यांनी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर हात बसवला. पेट्रोल वाचवण्यासाठी काही टॅक्सीवाले पेडर रोडचा उतार चावी बंद करून उतरत असत. गाडी गिअरमध्ये असल्याने इंजिन फिरत राही, कार्ब्युरेटर पेट्रोल देत राही, ठिणगी मात्र नसे. खाली आल्यावर चावी फिरवली, की सायलेन्सरमध्ये साठलेल्या मिश्रणाचा असा बार उडे की कबुतरे उडत. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली, त्यामुळे हा बार आता मामांच्या आठवणीतच उरला आहे.

इंजेक्शनच्या गाड्यांत हा प्रश्न उगमापाशीच सोडवला गेला. थ्रॉटल पूर्ण मिटलेला आहे आणि आरपीएम आयडलपेक्षा बरेच वर आहेत, असे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) दिसले की तो पेट्रोल फवारणारे इंजेक्टरच बंद करतो, आणि आरपीएम साधारण १२०० ते १५००पर्यंत उतरल्यावर, इंजिन बंद पडू नये म्हणून, पेट्रोल पुन्हा सुरू करतो. पेट्रोलच नसेल तर पाइपात फुटणार काय? म्हणून धडधाकट आधुनिक गाडीने पाय उचलल्यावर गप्प राहावे, हीच अपेक्षा असते. २०१७ची गाडी सतत तडतडत असेल, तर नको त्या वेळी पेट्रोल येत आहे, नको त्या जागी ऑक्सिजन शिरत आहे, किंवा ज्वलन उशिरा होऊन उष्णता पाइपात जात आहे, यांपैकी काहीतरी घडत असते. या गाडीत तिन्ही घडत होते, पण ते आम्हाला एकाच दिवशी कळले नाही.

मालकाच्या मित्रांनी आधीच निदान करून ठेवले होते, की पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, त्याचाच हा परिणाम. हा तर्क तपासून बाजूला ठेवणे आवश्यक होते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. त्यामुळे दहा टक्के मिश्रणावरून वीस टक्क्यांवर गेल्यास इंजिनाला चार-साडेचार टक्के जास्त इंधन द्यावे लागते. एवढी दुरुस्ती ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे आपोआप करतो. शिवाय इंजेक्टर बंद असताना टाकीत कोणते पेट्रोल आहे, याला काहीच अर्थ उरत नाही.

स्कॅनर लावल्यावर दोन कोड मिळाले: पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असल्याची नोंद, आणि पी-०४२०, म्हणजे धुरातले विषारी वायू निष्प्रभ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाल्याची नोंद. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १८ टक्के दाखवत होता. ईसीयूच्या समजुतीप्रमाणे मिश्रण पातळ पडत होते आणि तो नेहमीपेक्षा जवळपास पंचमांश जास्त पेट्रोल ओतत होता. रात्री दहानंतर, रहदारी कमी झाल्यावर, मामा आणि मी गाडी ईस्टर्न फ्रीवेवर नेली. तेथील बोगद्यात काचा खाली करून ऐकले, की आवाज कोठून येतो याचा चांगला अंदाज येतो, कारण भिंती तो परत आणून देतात. तिसऱ्या गिअरमध्ये ३५०० आरपीएमवर पाय उचलला, की साधारण अर्ध्या सेकंदानंतर मागच्या टोकाकडून कोरड्या लाह्या फुटल्यासारखी तडतड सुरू होई आणि १९००च्या आसपास एकदम थांबे. तिच्या मधेमधे पायांच्या पुढून, इंजिनाच्या भिंतीपलीकडून, एक जाड आणि बोथट ‘भप्’ ऐकू येई. मामा एवढेच म्हणाले, “हे दोन आवाज आहेत. एक जुना, एक नवा.”

नवा आवाज शोधणे सोपे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करताच खालून टिक्-टिक् असा आवाज आला आणि इंजिन तापल्यावर तो विरला. धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते, म्हणून एक्झॉस्टची गळती नेहमी थंड इंजिनावर शोधावी. मागच्या टोकाला ओल्या फडक्याचा बोळा धरून साबणाचे पाणी मारले, तेव्हा टर्बोमधून (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्यातून) वायू बाहेर पडतो त्या फ्लँजपाशी, म्हणजे पाइपाच्या जोडापाशी, बुडबुडे आले. उष्णतारोधक पत्रा काढल्यावर गॅस्केटच्या कडेने पंख्यासारखी पसरलेली काजळी दिसली. फ्लँज आवळून धरणाऱ्या तीन स्टडपैकी (आट्यांच्या सळ्यांपैकी) दोन गंजून फुगले होते आणि तिसरा नटाच्या आतच तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुना, तपकिरी होता आणि उरलेला अर्धा ताजा, करडा. म्हणजे समुद्राच्या खाऱ्या हवेने आधीच अर्धा खाल्लेला स्टड, लालबुंद तापलेल्या अवस्थेत हिंदमाताच्या पाण्याचा फटकारा बसताच तुटला.

गळतीतून वायू फक्त बाहेरच येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे नसते. एक्झॉस्टमधील प्रवाह धक्क्याधक्क्यांनी वाहतो; प्रत्येक धक्क्यामागे दाब क्षणभर वातावरणापेक्षा खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. जोरात गाडी चालवताना बाहेर येणारे जास्त आणि आत शिरणारे कमी असते. थ्रॉटल मिटल्यावर प्रवाह क्षीण होतो आणि पारडे फिरते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे असल्याने सेन्सरला बाहेरून शिरलेला ऑक्सिजन दिसे, ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवे, आणि ते वाढीव पेट्रोल त्याच बाहेरच्या हवेला पाइपात भेटे. फुगलेला ट्रिम, घसरलेले ॲव्हरेज आणि तो बोथट ‘भप्’ या तिन्ही गोष्टींचा उलगडा एका स्टडने झाला.

येथे आमच्याकडून एक चूक झाली, ती नोंदवून ठेवतो. एका कारणाने इतके काही समजल्यासारखे वाटले, की मामांचे “एक जुना” हे शब्द मी सोडून दिले. स्टड ड्रिल करून काढले, नवे बसवले, गॅस्केट बदलली, ट्रिम शून्यावर आणून गाडी परत दिली. मुलाचा फोन चौथ्या दिवशी आला. ट्रिम आता अधिक ३वर होता, ‘भप्’ गेला होता, मागची तडतड मात्र कायम होती. तो ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता, हेही कबूल केले पाहिजे.

या वेळी जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले: पाय उचललेल्या त्या तीन सेकंदांतला इंजेक्शनचा वेळ, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण; १ म्हणजे नेमके, त्याहून जास्त म्हणजे पातळ) हे तीन आकडे एकत्र नोंदवले. मूळ अवस्थेतील गाडीत इंजेक्शनचा वेळ तत्काळ शून्य होतो आणि पाइपातून निव्वळ हवा जात असल्याने लॅम्डा मोजपट्टीच्या पातळ टोकाला जाऊन थांबतो. या गाडीत ४००० ते १९०० आरपीएमदरम्यान इंजेक्शनचा वेळ एका मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर राहिला आणि लॅम्डा ०.८८ होता, म्हणजे मिश्रण चक्क घट्ट, पेट्रोल जास्त असलेले, होते. ठिणगी नेहमीप्रमाणे पिस्टन वर पोहोचण्याआधी पडत नव्हती, तर टीडीसी (पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू) ओलांडून १८ अंश गेल्यानंतर पडत होती. आणि १९०० आरपीएमला हे सारे एका क्षणात संपत होते. बिघाड असा रेघ आखून सुरू होत नाही आणि रेघ आखून थांबतही नाही. हे आकडे कोणीतरी लिहिलेले होते. ईसीयूमधील प्रोग्रामचा पडताळणी क्रमांक मूळ क्रमांकाशी जुळला नाही, तेव्हा शंका उरली नाही. गाडी लिफ्टवर घेतल्यावर आवाज दाबणारा मधला डबा, म्हणजे रेझोनेटर, कापून त्याजागी सरळ पाइप वेल्ड केलेला आढळला. वेल्डवर रंग इतका सफाईने मारला होता की पहिल्या तपासणीत तो नजरेतून सुटला. वडील खरे बोलत होते. जे काही केले होते ते आधीच्या मालकाने.

अशा प्रोग्रामची करामत समजून घेण्यासारखी आहे. पहिली गोष्ट, पाय उचलल्यावरचा फ्युएल कट, म्हणजे इंजेक्टर मिटणे, बंद केला जातो. दुसरी, ठिणगी इतकी मागे ओढली जाते की मिश्रण पेटते तेव्हा पिस्टन खाली निघालेला असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना ज्वलन चालूच असते. जी ऊर्जा पिस्टनने घ्यायची ती ज्योत बनून पाइपात जाते. मुळात ही युक्ती आवाजासाठी शोधलेली नाही. रॅलीच्या टर्बो गाड्यांत वळणावर पाय उचलल्यावर टर्बोचा वेग पडू नये, म्हणून एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ज्वलन घडवून टर्बाइन फिरते ठेवले जाई, आणि फटाके हा त्याचा उपउत्पाद होता. रॅलीवाल्यांना वळणातून बाहेर पडताना वेळ वाचवायचा असतो आणि त्यांचे टर्बो अल्पायुषी ठरले तरी चालते. दादर ते अंधेरी जाणाऱ्या माणसाने यातून नेमके काय वाचवायचे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

आता पी-०४२० या कोडकडे वळता आले. पुढचा सेन्सर काढून त्या छिद्रातून कॅमेरा आत सोडला, तेव्हा कन्व्हर्टरच्या जाळीचा दर्शनी भाग दिसला. निरोगी जाळी मधाच्या पोळ्यासारखी, चौकोन-चौकोन स्पष्ट दिसते. येथे मधोमध रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात चौकोनांच्या भिंती वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यावर काचेसारखी चकाकी आली होती. कन्व्हर्टर ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला आपले काम करतो. हजाराच्या आसपास सतत राहिला तर त्याच्यावरील प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे सूक्ष्म कण एकत्र येऊन निकामी होऊ लागतात, आणि न जळलेले पेट्रोल ऑक्सिजनसह थेट जाळीवर येऊन जळू लागले तर तापमान त्याहून बरेच वर जाऊ शकते. जुन्या प्रोग्रामने ही झीज दोन वर्षे सावकाश चालवली असावी आणि फटीतून शिरलेल्या हवेने गेल्या काही आठवड्यांत ती पूर्ण केली असावी. हा क्रम मी अनुमानाने मांडतो आहे, कारण आधीचा फोटो नाही. पण वितळण्याची जागा नेमकी मध्यभागी, प्रवाहाच्या माऱ्यात आहे, ही गोष्ट त्याला पुष्टी देते.

मुलाने मे महिन्यातले पीयूसी प्रमाणपत्र दाखवले आणि गाडी पास असताना एवढा बाऊ कशाला, असे विचारले. पीयूसीची तपासणी गाडी उभी असताना, आयडलवर आणि २५०० आरपीएमच्या आसपास स्थिर ठेवून होते. पाय उचलल्यानंतरचे ते तीन सेकंद त्या तपासणीत कोठेच येत नाहीत. प्रमाणपत्र खोटे नव्हते, ते फक्त दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते. त्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता: काही कंपन्या स्वतःच स्पोर्ट मोडमध्ये असा आवाज देतात. हे खरे आहे. मात्र कंपनीच्या प्रोग्राममध्ये कन्व्हर्टरच्या तापमानाचा सतत हिशोब चालू असतो आणि मर्यादा जवळ आली की फटाके बंद होतात. शिवाय त्या आवाजासह आणि त्या धुरासह गाडी मान्यता घेऊन रस्त्यावर आलेली असते. बाहेरच्या दुकानातून ईसीयूत भरलेल्या या प्रोग्राममध्ये तापमानाची कोणतीही अट नव्हती. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि आवाज व प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२)खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर तीन महिन्यांची अपात्रता, अशी तरतूद आहे. बदल आधीच्या मालकाने केला असला तरी नाक्यावर गाडी अडवली जाते तेव्हा स्टिअरिंगमागे जो असतो त्यालाच उत्तर द्यावे लागते.

“थोडासा ठेवता येईल का? अगदी थोडासा?” असे मुलाने जाताजाता विचारले. वडिलांनी त्याच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. नवा कन्व्हर्टर त्याच्या दोन पगारांच्या किमतीचा होता, आणि त्यावर पुन्हा तेच पेट्रोल जाळायचे का, एवढेच मी विचारले. मूळ प्रोग्राम भरला, रेझोनेटर बसवला, कन्व्हर्टर बदलला. स्टडना तांबेमिश्रित अँटी-सीझ (गंजून अडकू न देणारे वंगण) लावले आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी ते तपासावेत, असे बिलावर लिहून दिले.

पुन्हा फ्रीवे, पुन्हा तोच बोगदा, तिसरा गिअर, ३५०० आरपीएम. पाय उचलताच इंजेक्शनचा वेळ शून्य झाला, लॅम्डा पातळ टोकाला जाऊन चिकटला, आणि बोगद्यात टायरचा आवाज तेवढा राहिला. १३०० आरपीएमला पेट्रोल पुन्हा सुरू झाले. महिन्याभराने गाडी पाहिली तेव्हा ट्रिम अधिक २ होता आणि ॲव्हरेज साडेचौदाचे मिळत होते. ५००० आरपीएमवरून झटक्यात पाय काढला तर अजूनही एखादा ‘ठप्’ येतो, कारण कंपनीच्या मूळ प्रोग्राममध्येही फ्युएल कट लागू होण्यापूर्वी गाडीला गचका बसू नये म्हणून क्षणभराचा विलंब ठेवलेला असतो, आणि तेवढ्यात एखादी फेरी न पेटता निघून जाते. तो आम्ही तसाच राहू दिला, आणि तो नेमका कोणत्या आरपीएमला येतो हे मुलाला आता तोंडपाठ आहे.